मान धरण्याआधीच

चार-पाच दिवसांच्या बाळाला डॉक्टर तपासत असतात, तेव्हा एक गोष्ट जवळ उभं राहून बघण्यासारखी असते. डॉक्टर बाळाचं डोकं आणि मान हाताने नीट आधारून घेतात आणि त्याला सावकाश एका बाजूला वळवतात. डोकं उजवीकडे जातं आणि डोळे डावीकडे सरकतात. डोळे मिटणाऱ्या जुन्या बाहुलीचं डोकं कलवलं की तिची बुबुळं जशी आपली जागा सोडत नाहीत, तसंच काहीसं हे दिसतं. म्हणून या तपासणीला बाहुलीच्या डोळ्यांची तपासणी असंच नाव पडलं आहे.

या बाळाला वीतभर अंतरापलीकडचं सगळं धूसर दिसतं. मान धरायला अजून तीन-चार महिने आहेत, बसायला त्याहून जास्त, आणि पहिलं पाऊल तर वर्षभर लांब. तरीही आपलं डोकं कुठल्या बाजूला वळलं आणि साधारण किती वेगाने वळलं, हे त्याच्या मेंदूला समजलं आणि त्याने डोळ्यांना उलट्या दिशेला नेलं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्याने सरावही केलेला नाही.

तोल सांभाळणं ही पडत-धडपडत शिकायची गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो, आणि मूल चालायला शिकताना बघितलं की ते पटतंही. पण ते अर्धंच खरं आहे. डोक्याची हालचाल ओळखणारं यंत्र आणि त्याच्या बऱ्याचशा तारा बाळ जन्माला येण्याआधीच जोडून तयार असतात. मूल पुढे वर्षानुवर्षं शिकत राहतं ते वेगळंच आहे: कान काही सांगतात, डोळे काही सांगतात, पायाचे तळवे आणखी काही सांगतात, यातल्या कुणाचं कधी ऐकायचं, हे ते शिकतं.

आधी ते यंत्र नेमकं काय करतं, हे स्वतःवरच करून बघा. मोबाइलवर हाच मजकूर उघडा आहे ना? डोकं अजिबात न हलवता मोबाइल डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरं पुसट होतील, वाचता येणार नाहीत. आता मोबाइल एका जागी धरा आणि 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तसं डोकं तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं बऱ्यापैकी जागेवर राहतात, वाचता येतात. डोळ्यांच्या दृष्टीने बघितलं तर दोन्ही वेळा मजकूर सारखाच सरकत होता. मग फरक कशामुळे पडला? पहिल्या वेळी मजकूर सरकल्याचं आधी डोळ्यांनी बघायचं, मेंदूने त्याचा अर्थ लावायचा आणि मग डोळ्यांना मागे धाडायचं, असा लांबचा रस्ता होता. त्याला सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा लागतो. दुसऱ्या वेळी डोकं हलल्याची बातमी कानातून थेट डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत गेली. ते काम साधारण १० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात होतं. शरीरातल्या सगळ्यात चपळ प्रतिक्षिप्त क्रियांमध्ये हिची गणना होते.

हो, कानातून. ऐकण्याचा शंख जिथे आहे त्याच्या शेजारीच, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. प्रत्येक नलिकेचा वळसा सहा-सात मिलिमीटर रुंद आणि आतली द्रवाची नळी मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी बारीक. तिन्ही नलिका एकमेकींशी जवळजवळ काटकोनात बसवलेल्या असतात; खोलीच्या कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती मिळतात तशा. त्यामुळे डोकं होकारार्थी हलो, नकारार्थी हलो किंवा खांद्याकडे कलो, कुठली ना कुठली नलिका ते पकडतेच.

पकडते कशी, तर द्रवाच्या आळसामुळे. पाण्याने भरलेलं पातेलं पटकन गोल फिरवलं तर पातेलं फिरतं, आतलं पाणी सुरुवातीला जागच्या जागी राहतं. नलिकेतही तेच होतं. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो आणि नळीत आडवा बसवलेला एक जेलीसारखा पडदा त्या द्रवाच्या दाबाने फुगतो. या पडद्यात रोमपेशींचे, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या केसाळ पेशींचे केस रुतलेले असतात. ते एका बाजूला वाकले की पेशीचा विद्युतभार वाढतो, दुसऱ्या बाजूला वाकले की घटतो. इथे एक गोष्ट मला फार आवडते. या पेशींना जोडलेल्या चेता डोकं अगदी स्थिर असतानाही गप्प नसतात. माकडांमध्ये मोजलं तर त्या सेकंदाला साधारण ९० ते १०० वेळा संदेश पाठवत असतात. डोकं एका बाजूला वळलं की हा आकडा चढतो, उलट वळलं की उतरतो. सतत चालू असलेल्या बोलण्यामुळेच एकच चेता दोन्ही दिशा सांगू शकते. शिवाय उजव्या कानातली बातमी चढते तेव्हा डाव्या कानातली उतरते, आणि मेंदू या दोघांमधला फरक वाचतो.

नलिकांचं हे काम पहिल्यांदा लक्षात आलं ते कबुतरांमुळे. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये पिएर फ्लुरांस यांनी कबुतरांच्या कानातल्या या नलिका एकेक करून कापल्या. ऐकू येणं बंद पडेल असं वाटलं होतं. कबुतरं ऐकत राहिली, पण जी नलिका कापली तिच्याच पातळीत त्यांची डोकी हिसके देऊ लागली. कान हे फक्त ऐकण्याचं इंद्रिय नाही, हे त्या क्रूर प्रयोगांतून कळलं.

नलिका वळणं ओळखतात. पण सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण ओळखण्यासाठी वेगळी सोय आहे. नलिकांच्या मुळाशी युट्रिकल आणि सॅक्युल अशा दोन पिशव्या आहेत. त्यांच्या तळाला रोमपेशींचा गालिचा, त्यावर जेलीचा थर आणि त्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे हजारो बारीक खडे. खडू, संगमरवर आणि शिंपले ज्याचे बनतात तोच हा पदार्थ, पाण्याच्या पावणेतीन पट जड. डोकं कललं की हे खडे उताराकडे घसरू पाहतात आणि खालचे केस वाकवतात. लिफ्ट वर निघाली की पोटात जे जाणवतं त्याची पहिली बातमी याच खड्यांनी दिलेली असते.

या पिशव्यांमधल्या रोमपेशी सगळ्या एकाच दिशेला तोंड करून बसत नाहीत. गालिच्याच्या मधोमध एक अदृश्य रेघ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींच्या उलट तोंड करून असतात. म्हणून एकाच पिशवीला पुढे कलणं आणि मागे कलणं दोन्ही कळतं. गर्भात ही मांडणी कोण ठरवतं? २०१७ मध्ये उंदीर आणि झेब्राफिश नावाचे छोटे मासे यांच्यावर झालेल्या कामात दिसलं की ईएमएक्स-२ नावाचं जनुक रेघेच्या एका बाजूच्या पेशींत चालू असतं आणि तेच त्यांना उलटं फिरवतं. हे जनुक बंद केलं तर सगळ्या पेशी एकाच दिशेला बघतात. म्हणजे 'पुढे' आणि 'मागे' यांतला भेद जगाचा काहीही अनुभव यायच्या आत पेशींच्या बसण्यात कोरलेला असतो.

आता अडचण. या खड्यांना दोन वेगळ्या गोष्टी सारख्याच वाटतात. तुम्ही डोकं मागे कलवलं तर खडे मागे घसरतात. तुम्ही ताठ बसलेले असताना गाडीने एकदम वेग घेतला तरी खडे मागेच पडतात. प्रवेग आणि गुरुत्वाकर्षण यांच्यातला फरक एकट्या खड्यांना ओळखता येणारच नाही. हा पदार्थविज्ञानाचाच नियम आहे, आइनस्टाइन यांनी मांडलेला. मेंदू यातून वाट काढतो ती नलिकांना विचारून. डोकं खरोखर कललं असेल तर ते वळलेलं असणार, म्हणजे नलिकांनी काहीतरी नोंदवलेलं असणार. नलिका गप्प आणि खडे मात्र सरकले, तर आपण कललो नाही, पुढे ढकलले गेलो. ही वजाबाकी प्रत्यक्ष करणाऱ्या पेशी २००७ मध्ये डोरा अँजेलाकी यांच्या प्रयोगशाळेला माकडांच्या 'लहान मेंदू'त, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूच्या सेरेबेलम या भागात सापडल्या. डोकं कललं तर त्या पेशी शांत राहतात, सरकलं तरच बोलतात. कानाच्या कुठल्याही एका भागाला जे माहीत नाही, ते मेंदू दोन साक्षींमधून काढतो.

हे सगळं बनतं केव्हा? गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना, म्हणजे पुष्कळदा आईला दिवस गेल्याची खात्रीही नसते तेव्हा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्वचेचा एकेक ठिपका जाड होतो, आत खचतो आणि मिटून पिशवी बनतो. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत त्या पिशवीतून तिन्ही नलिका आकाराला येतात. त्यांच्या घडण्याची रीत मजेशीर आहे: पिशवीला आधी चपटे पंख फुटतात, मग प्रत्येक पंखाच्या मधल्या दोन भिंती चिकटतात, तो मधला भाग विरून जातो आणि कडेची नळी उरते. रोमपेशीही याच सुमारास वेगळ्या होऊ लागतात. विसाव्या आठवड्याच्या आसपास कानातून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या चेतेवर मायलिनचं आवरण चढायला लागतं. हे आवरण म्हणजे तारेवरचं वेष्टन. ते चढलं की संदेश कितीतरी वेगाने धावतात. मेंदूत सगळ्यात आधी वेष्टन चढणाऱ्या तारांमध्ये तोलाच्या या तारा येतात.

आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या आठवड्याच्या दरम्यान हा सगळा नलिकांचा संच मोठ्या माणसाएवढा होऊन थांबतो. गर्भ अजून हाताच्या पंजात मावेल एवढा असतो, आणि त्याच्या कानातलं हे यंत्र मात्र पूर्ण मापाचं. नवजात बाळाचे हात, पाय, हृदय, मेंदू सगळं वाढायचं असतं. या नलिका वाढत नाहीत.

इतकी घाई का असावी? याचं एक उत्तर बेडकाच्या पिल्लांनी आणि माशांनी दिलं आहे. झेब्राफिशचं अंडं फलित झाल्यावर काही दिवसांतच त्याच्या कानात नलिका तयार होतात, रोमपेशी तयार होतात, चेताही जोडल्या जातात. तरी पहिले काही आठवडे त्या नलिका जवळजवळ काम करत नाहीत. बेडकाच्या पिल्लांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात कारण स्पष्ट झालं: नलिका फारच बारीक असतात. इतक्या अरुंद नळीत द्रव भिंतींना धरून राहतो, डोक्याबरोबरच फिरतो, मागे राहतच नाही. पातेल्याऐवजी मधात बुडवलेल्या केसाएवढ्या नळीचा विचार करा. नळी ठरावीक मापाची झाल्याशिवाय 'डोकं वळलं' ही बातमीच तयार होत नाही, मग पुढच्या तारा कितीही तयार असोत. माणसाच्या पिल्लाला पूर्ण मापाच्या नलिका इतक्या आधी मिळतात, त्यामागे असंच काही असणार असं मला वाटतं.

तेवढ्या काळात माशाचं पिल्लू वाचतं ते खड्यांच्या भरवशावर. युट्रिकलमधला खडा तयार झाला नाही तर त्याला वर-खाली कळत नाही आणि ते जगत नाही. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे जिवंत पिल्लाच्या मेंदूतली एकेक पेशी उजळताना सूक्ष्मदर्शकातून बघता येते. म्हणूनच तोलाचं जाळं कसं विणलं जातं, हे आज सगळ्यात जास्त याच माशाकडून कळतं आहे.

ते जाळं लांबीला फार छोटं आहे. कानाकडून आलेली एक पेशी, मेंदूच्या देठातली मधली पेशी, आणि डोळ्याचा स्नायू ओढणारी तिसरी. तीन टप्पे, बस. मासा नाक वर करून कलला की डोळे खाली फिरायला हवेत, नाक खाली गेलं की वर. मधल्या पेशींपैकी काही एका कामाच्या, काही दुसऱ्या कामाच्या. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड शॉपिक यांच्या गटाने विचारलं, की कुणी कुठलं काम करायचं हे मधल्या पेशीला कोण सांगतं? त्यांनी पुढचा टप्पाच, म्हणजे डोळ्याच्या स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशीच काढून टाकल्या. मधल्या पेशींना काही फरक पडला नाही. ज्यांना काम सोपवायचं ती मंडळीच नसताना त्यांनी आपापल्या भूमिका बरोबर घेतल्या. या पेशी केव्हा जन्माला आल्या, आधीच्या फळीत की नंतरच्या, यावरूनच त्यांचं काम बरंचसं सांगता येतं.

त्यांचं पुढचं काम २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं आणि ते वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो. माशाचं पिल्लू अगदी लहान असताना त्याचे डोळे कलण्याला अपुरी दाद देतात. दिवस जातील तशी ही दाद सुधारते. ही सुधारणा सरावामुळे होते, असंच कुणीही म्हणेल: डोळ्यांपुढचं दृश्य घसरलेलं दिसतं, मेंदू चूक दुरुस्त करतो. म्हणून त्यांनी जन्मतः न बघणारी पिल्लं घेतली. त्यांना दृश्य घसरल्याचं कधी दिसलंच नव्हतं. तरी कलण्याला त्यांच्या डोळ्यांची दाद डोळस पिल्लांसारखीच सुधारत गेली. मग दिरंगाई होत कुठे होती? तपासत गेल्यावर दिसलं की कानाकडची बाजू आधीच तयार असते, मधल्या पेशी आधीच तयार असतात. सगळ्यात सावकाश पिकतो तो शेवटचा सांधा, चेता आणि स्नायू जिथे भेटतात तो. बुद्धीचा नाही, स्नायूपर्यंत पोचण्याचाच उशीर.

याचा अर्थ अनुभवाला काही जागाच नाही, असा मात्र अजिबात नाही. अनुभवाची जागा पुढे आहे.

जन्मल्यानंतर पहिल्या वर्षात बाळाचा लहान मेंदू दुपटीहून मोठा होतो. मेंदूचा इतर कुठलाही भाग या वर्षात इतक्या झपाट्याने वाढत नाही. डोळे आणि कान यांची जोडी बारकाईने जुळवून ठेवणं हे त्याचं एक मुख्य काम आहे. डोकं हलल्यावर डोळे थोडे कमी फिरले, तर दृश्य किंचित घसरतं. ती घसरण चुकीचा संदेश म्हणून लहान मेंदूत पोचते आणि पुढच्या वेळी फिरण्याचं प्रमाण थोडं बदलतं. मूल वाढतं तसं डोकं जड होतं, डोळा मोठा होतो, मानेचे स्नायू बदलतात. तारा त्याच राहिल्या तरी मापं बदलतात, म्हणून ही दुरुस्ती सतत चालू असते. ती मोठेपणीही थांबत नाही. नवा चष्मा लागला की पहिले एक-दोन दिवस डोकं फिरवताना जमीन हलल्यासारखी वाटते ना, ते हेच. भिंग दृश्याला लहान-मोठं करतं, त्यामुळे डोळे किती फिरायला हवेत हे प्रमाणच बदलतं. लहान मेंदू ते नव्याने लावून घेतो आणि मग जमीन स्थिर होते.

बाळाच्या शरीरात डोळ्यांपेक्षा मान हा फार कठीण प्रश्न आहे. डोळा हलका असतो, मऊ खोबणीत फिरतो. डोकं म्हणजे बारीक देठावर ठेवलेलं मोठं फळ. डोकं अचानक मागे गेलं की नवजात बाळ दचकून दोन्ही हात पसरतं आणि मग मिठी मारल्यासारखे जवळ घेतं. याला मोरो प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. एर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये तिचं वर्णन केलं. पडतोय ही बातमी कानाने दिली आहे, पण ती बातमी कुठल्या स्नायूला नेमकी द्यायची हे अजून ठरलेलं नाही, म्हणून सगळं शरीर एकदम दचकतं. तीन ते सहा महिन्यांत हे दचकणं ओसरतं आणि त्याच काळात बाळ मान धरतं. ज्या घरात मूल वाढलं आहे तिथे 'मान धरली' हे दोन शब्द किती आनंदाने बोलले जातात, हे ज्याने ऐकलं त्यालाच ठाऊक. चेतांच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच: डोकं घसरायला लागल्याची बातमी आता मानेच्या बरोबर त्याच स्नायूंपर्यंत वेळेत पोचते, जे ते सावरू शकतात.

मान धरल्यावर आणखी एक बदल शक्य होतो. आपण स्वतः डोकं वळवतो आणि कुणी आपलं डोकं वळवतं, या दोन्ही वेळी कानातून निघणारी बातमी सारखीच असते. पण माकडांच्या मेंदूच्या देठात बघितलं, तर स्वतः वळवलेल्या डोक्याची बातमी बरीच दाबून टाकलेली सापडते. कॅथलीन कलन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. हुकूम मीच दिला होता, तेव्हा परिणाम काय होणार हे मला माहीत आहे. त्यात नवीन काही नाही. जे अनपेक्षित आहे तेवढंच पुढे पाठवायचं. हे करायला मेंदूला स्वतःच्या हालचालीचा परिणाम आधी सांगता यायला हवा, आणि तसा अंदाज बांधायचा तर हालचाल पुनःपुन्हा करून बघावी लागते. पालथं पडलेलं बाळ डोकं उचलतं, टाकतं, पुन्हा उचलतं, तेव्हा ते केवळ मानेचा व्यायाम करत नसतं.

आता डोळ्यांच्या साक्षीकडे येऊ. १९७४ मध्ये एडिंबरा इथे डेव्हिड ली आणि एरिक अॅरॉनसन यांनी एक खोली बनवली, जिच्या भिंती आणि छत जमिनीपासून सुटे होते आणि पुढे-मागे सरकवता येत होते. जमीन स्थिर. त्यात नुकतीच उभी राहायला लागलेली, तेरा ते सोळा महिन्यांची मुलं उभी केली. समोरची भिंत मुलाच्या दिशेने सरकली. मुलाच्या कानाने काहीही हललं नसल्याचं सांगितलं, तळव्यांनीही तेच सांगितलं. डोळ्यांनी सांगितलं, 'आपण पुढे झुकतोय.' मूल मागे झुकलं, तोल गेला आणि बसकन बसलं. भिंत दूर गेली तर पुढे पडलं. मोठ्या माणसांनाही अशा खोलीत किंचित डुलायला होतं, पण ती पडत नाहीत. लहान मुलांच्या बाबतीत दोन साक्षी खऱ्या होत्या, तरी त्यांनी तिसऱ्या, खोट्या साक्षीवर विश्वास ठेवला.

हा विश्वास योग्य तिथे ठेवायला शिकणं फार लांबतं. मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत, आणि काही बाबतींत त्यापुढेही, डोळे, कान आणि पाय यांच्या बातम्यांना प्रसंगानुसार कमी-जास्त वजन देणं पिकत राहतं. गाडी लागण्याचं वेळापत्रकही लक्षात घेण्यासारखं आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी क्वचितच लागते. पुढे ते वाढत जातं, नऊ-दहा वर्षांच्या सुमारास टोकाला पोचतं आणि मग उतरतं. गाडी लागते ती डोळे आणि कान यांच्या बातम्या जुळत नाहीत म्हणून, ही सगळ्यात मान्य असलेली कल्पना आहे. तसं असेल तर तान्ह्या बाळाचा मेंदू या दोघांची अजून इतकी कसोशीने तुलनाच करत नसावा, म्हणून त्याला त्रास होत नाही, हा अर्थ मला पटतो.

कानाची बातमी आधी आणि डोळ्यांची तिच्यावर नंतर, हा क्रम मेंदूच्या आतही दिसतो. उंदरांच्या मेंदूत दिशापेशी असतात. डोकं एका ठरावीक दिशेला असलं की त्यातली एखादी बोलते, दुसऱ्या दिशेला दुसरी. एक प्रकारचं होकायंत्र. २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की पिल्लांचे डोळे उघडायच्या आधीच या पेशी कामाला लागलेल्या असतात. त्या वेळी सुई डगमगते, सावकाश भरकटते. डोळे उघडले, समोरच्या खुणा दिसायला लागल्या, की ती स्थिर होते.

या सगळ्याला कान किती आवश्यक आहे, हे कळतं ते जिथे तो नसतो तिथे. १८८२ मध्ये विल्यम जेम्स यांनी मूकबधिर शाळांमधल्या लोकांना गरगर फिरवल्यावर चक्कर येते का, हे विचारलं, तपासलं. ५१९ पैकी १८६ जणांना चक्कर आलीच नाही. ऐकण्याचा शंख आणि तोलाच्या नलिका एकाच पिशवीतून बनतात, एकाच द्रवाने भरलेल्या असतात. जे एकाला बाधतं ते पुष्कळदा दुसऱ्यालाही बाधतं. काही आनुवंशिक आजारांत, गर्भात झालेल्या सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गात, मेंदूज्वरात, किंवा जीव वाचवायला द्यावी लागणारी काही प्रतिजैविकं रोमपेशींना मारतात तेव्हा, दोन्ही जाऊ शकतात. आणि माणसाच्या रोमपेशी एकदा गेल्या की पूर्ववत भरून येत नाहीत.

अशी मुलं मान उशिरा धरतात, उशिरा बसतात. अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात जन्मतः बहिरेपणाबरोबर तोलाची बातमीही नसते, आणि तिथे मूल बहुधा दीड वर्षानंतर चालायला लागतं. पण चालतं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण मूल 'मंद' आहे, 'आळशी' आहे असं म्हणून वर्षं वाया घालवणारी माणसं भेटतात, आणि मूल चालायला लागलं की सगळं ठीक झालं असं मानून पुढे काहीच न तपासणारीही भेटतात. ज्या बाळाला ऐकू येत नाही असं निदान झालं, त्याची तोलाची तपासणीही मागून घ्यावी. ती लहान वयात करता येते: मुलाला मांडीवर घेऊन फिरत्या खुर्चीत बसतात, खुर्ची वळवतात आणि कॅमेऱ्याने त्याचे डोळे बघतात. सुरुवातीला बाहुलीच्या डोळ्यांचं जे सांगितलं, तीच गोष्ट, मापासह.

तपासणी न करताही खुणा दिसतात, बघणाऱ्याला. असं मूल दिवसा अंगणात इतरांबरोबर धावतं, फक्त एका पायावर उभं राहणं त्याला जमत नाही. त्याच्या मेंदूने डोळे आणि तळवे या दोघांवर सगळा कारभार सोपवलेला असतो आणि बहुतेक वेळा तो चालतो. मऊ वाळूवर गेलं की तळव्यांची साक्ष बिघडते, तरी डोळे असतात; मूल खाली बघत सावकाश चालतं. पण रात्री दिवे गेले आणि पायाखाली गादी असली, की दोन्ही साक्षी एकदम जातात. मूल उभं राहायला जातं आणि कोसळतं, पुन्हा उठतं, पुन्हा कोसळतं. दिवा लागतो. तेच मूल गादीवरून सरळ चालत तुमच्याकडे येतं.